अठ्ठावीस इंचांचा ओटा

मी एक जुना ओटा आहे. म्हणजे होतो. सध्या मला चार लोखंडी पाय लावून हॉलमध्ये सोफ्यासमोर उभं केलं आहे आणि येणारे-जाणारे मला टीपॉय म्हणतात. माझ्यावर वर्तमानपत्र, टीव्हीचा रिमोट आणि खोट्या फुलांची एक कुंडी ठेवलेली असते. पाहुणे आले की माझ्यावरून हात फिरवतात आणि काय सुंदर कल्पना आहे म्हणतात. मित्रांनो, त्या सुंदर कल्पनेची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. मी दगड आहे, मला गोड बोलता येत नाही. मध्येच रडू आलं तर आपापल्या आईकडे जा.

माझा जन्म आंध्रातल्या कडप्पा भागातला. सुरुंग लावून मला डोंगरापासून तोडलं, यंत्राने कापलं आणि ट्रकमध्ये उभं करून इकडे आणलं. भाईंदरच्या एका लादीच्या दुकानासमोर मी दोन उन्हाळे धूळ खात उभा होतो. शेजारी संगमरवर असायचा. गिऱ्हाइकं त्याला रुमालाने पुसून बघायची आणि मला चपलेच्या टोकाने. सत्त्याण्णव साली एक किडकिडीत माणूस आला, त्याने वाकून माझ्यावर टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि हाच द्या म्हणाला. तो बापूराव.

बापूराव मूळचा परभणीकडचा. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात फिटर होता आणि शांती नगरात दुसऱ्या मजल्यावर त्याने नुकतंच छोटंसं घर घेतलं होतं. त्याची बायको जाईबाई. तिची उंची चार फूट सात इंच. लग्न झाल्यापासून ती भाड्याच्या घरांत, दुसऱ्या कुणाच्या तरी उंचीच्या ओट्यांवर, टाचा उचलून भाकऱ्या थापत आली होती. स्वतःच्या घरात बापूरावाला फक्त एक गोष्ट मनासारखी करायची होती. त्याने जाईबाईला रिकाम्या भिंतीसमोर उभं केलं आणि पीठ मळताना ठेवते तसा हात कोपरात वाकवायला सांगितला. कोपरापासून जमिनीपर्यंत सुतळी धरली, त्यातून आठ बोटं कमी केली आणि तिथे गाठ मारली. गवंड्याने टेप लावून पाहिली तर ती गाठ अठ्ठावीस इंचांवर होती.

गवंडी हसला. ओटा बत्तीस-तेहतीस इंचांचा असतो, हा तर भातुकलीतला दिसेल, लोक नावं ठेवतील, असं त्याने बापूरावाला समजावलं. बापूरावाच्या आधी जाईबाईच बोलली.

"लोकं येणारेत का माझ्या भाकरी थापायला? जिला थापायच्यात तिच्या मापानं बांधा."

तसा मी अठ्ठावीस इंचांवर बसलो आणि सत्तावीस वर्षं बसून राहिलो.

नवं घर बघायला माणसं आली. घर पाहावं बांधून म्हणतात, पण त्यातला खरा त्रास बांधून झाल्यावर बघायला येणाऱ्यांचा असतो. कुणी म्हणालं ओटा फारच ठेंगणा झाला, कुणी म्हणालं काळ्या दगडाने घरात अंधार येतो, पांढरं काहीतरी घालायचं. कुणी गॅसचं तोंड कुठल्या दिशेला हवं ते सांगितलं. जाईबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, हो हो म्हणायची आणि माझ्यावरच चहा करून त्यांना पाजायची. ऐकावे जनाचे, करावे मनाचे ही म्हण तुम्ही शाळेत वहीत लिहिता. जाईबाईची शाळा चौथीत सुटली होती, पण ती म्हण तिने वापरात आणली. मला तिचा अभिमान वाटायचा. दगडाला अभिमान फार लवकर चढतो.

मी काही प्रेमळ ओटा नव्हतो. थंडीत मी तिचे हात बधिर करायचो. माझ्यावर आपटून तिच्या कितीतरी बांगड्या फुटल्या आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पण मी तिच्या मापाचा होतो. आजूबाजूला एकटे राहणारे नोकरदार तिच्याकडून डबे न्यायचे. सकाळी सहापासून माझ्यावर ज्वारीच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, तो दहाला थांबायचा. तिची कंबर कधी दुखली नाही. रोज संध्याकाळी ती मला चिंच लावून घासायची आणि मग ओल्या फडक्याने पुसायची. एवढी काळजी संगमरवराचीही कुणी केली नसेल.

तिचा मुलगा रवी सहा वर्षांचा असताना शेंगदाण्याची चटणी कुटायचा हट्ट धरून बसला. पहिल्याच दणक्याला लोखंडी बत्ता त्याच्या हातून सुटला आणि माझ्या कडेवर पडला. दोन बोटं बसतील एवढी खाच पडली. बापूराव सिमेंट घेऊन धावला, पण जाईबाईने त्याला थांबवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "पोराची खूण आहे."

ही खाच लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या गोष्टीत तिच्याइतकं महत्त्वाचं काही नाही.

अकरा वर्षांपूर्वी बापूराव हृदयविकाराने गेला. त्याला कुठल्या दवाखान्यात न्यायला हवं होतं यावर पुढे पंधरा दिवस लोक मतं देत होते. जाईबाईने त्यांनाही चहा पाजला. मग रवीला नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, निशा घरात आली. निशाची उंची पाच फूट पाच इंच. माझ्यावर काम करताना तिला कमरेत दुमडावं लागायचं. नऊ वर्षं ती रात्री कमरेला मलम चोळत होती आणि मला त्याची गंमत वाटायची. मी जाईबाईचा ओटा होतो, बाकीच्यांनी वाकावं असं माझं मत होतं.

आता डोळ्यांचं सांगतो. ते सगळ्यात आधी मला कळलं. बाजूला ठेवलेल्या पातेल्याला जाईबाईचा कोपर लागू लागला. झाकणं पडू लागली. समोरचं तिला नीट दिसायचं, टीव्हीवरची माणसंही ओळखू यायची, पण कडेचं सगळं हळूहळू पुसलं जात होतं. तिने कुणालाही सांगितलं नाही. तिच्या आईचे डोळे असेच गेले होते. गावाकडे त्या म्हातारीला सगळ्यांनी मिळून एका कोपऱ्यात बसवलं, हातात ताट दिलं आणि मरेपर्यंत तिथून उठू दिलं नाही. जाईबाईला मरणाची भीती नव्हती. तिला तेवढ्या एका कोपऱ्याची भीती होती.

म्हणून तिने माझ्याशी संधान बांधलं. स्वयंपाकघरात आली की ती आधी डाव्या हाताची दोन बोटं खाचेत घालायची. खाचेपासून उजवीकडे एक वीत गेलं की गॅसचं बटण. डावीकडे चार बोटांवर मिठाची बरणी. हातभर डावीकडे बेसिनची कड. मी काळा होतो, त्यामुळे माझ्यावर सांडलेलं पांढरं पीठ तिला दिसायचं, मीठ दिसायचं, पांढरी बशी दिसायची. निशा-रवी कामावर जायचे आणि संध्याकाळी येऊन जेवायचे. भाकरी गोल होती, भाजीत मीठ बरोबर होतं. त्यांना संशय यायचं काही कारणच नव्हतं. मला वाटायचं, आपण बाईचे डोळे झालो. केवढा मी शहाणा!

एका बाईला मात्र कळलं. जवळच्या तारोडी गावची मंदा. तिच्या घरच्यांनी पूर्वी मिठागरावर काम केलं होतं, आता ती शांती नगरात दारोदार मासळी विकायची. आमच्याकडे ती थेट आत येऊन बेसिनपाशी पाटी टेकवायची, दोघी गप्पा मारायच्या. सहा वर्षांपूर्वी एकदा तिने डाव्या बाजूने कोळंबीचा वाटा पुढे धरला. जाईबाई समोर भिंतीकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, मंदा गेलीस का गं? मंदा तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"जाईबाय, तुला बाजूचा दिसत न्हाय गो," मंदा म्हणाली. "माझे सासऱ्याला असाच झाला होता. येळेवर औषध घातला असता तर ऱ्हायली असती नजर. दवाखान्यात चल, मी येते संगं."

जाईबाईचे हात माझ्यावर थांबले. मग ती म्हणाली, "तू मासे विक. माझ्या डोळ्यांचं मी बघते."

मंदाने पाटी उचलली. त्यानंतर ती दारातूनच मासळी द्यायची, आत कधी आली नाही. जाईबाईने आयुष्यभर लोकांची मतं जशी वाटेला लावली तसंच हेही लावलं. त्या दिवशी मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. माझी गरज अजून वाढली होती.

गेल्या वर्षी घराचं काम काढायचं ठरलं. काढायलाच हवं होतं. नळाचे पाइप गंजले होते, लाद्या वर आल्या होत्या. पहिल्याच दिवशी रवीने जाईबाईला विचारलं, आई, तुला घरात काय हवं? ती म्हणाली, ओटा राहू दे. रवीचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, बाबांची आठवण म्हणून म्हणते आहे. त्याने निशालाही तसंच सांगितलं आणि दोघांनी मान हलवली. पोटच्या पोराला आईचं दुःख दिसावं, पण चुकीचं दिसावं, याहून वाईट काय असेल?

मग योगेंद्र आला. हा निशाचा भाऊ, जवळच पूनम सागर वसाहतीत राहतो. त्याने आदल्याच वर्षी आपल्या फ्लॅटचं काम केलं होतं. ज्याने एक घर केलं तो दुसऱ्यांची दहा घरं करायला मोकळा होतो. त्याने मोबाइलवर एक ग्रुप काढला आणि त्यात सगळे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले दोघे-तिघे असे एकतीस लोक घेतले. ओट्याचा रंग कुठला हवा यावर तिथे मतदान झालं. पांढरा निवडून आला. जाईबाईकडे बटणांचा फोन होता, त्यामुळे त्या एकतीस जणांत ती नव्हती.

योगेंद्र मनाने वाईट नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं बहुतेक वेळा मनाने चांगलीच असतात. त्याने मला टेप लावली आणि त्याला हसू आलं. "दाजी, याच्याखाली डिशवॉशर जाणारच नाही," तो रवीला म्हणाला. "चौतीस लागतात मिनिमम." मग त्याने गॅस आणि बेसिन यांची अदलाबदल सुचवली, म्हणजे वास्तूप्रमाणे गॅस आग्नेय कोपऱ्यात येईल. रवी जरा अडखळला. दर रविवारी बुद्धविहारात लहान मुलांना गोळा करून अंधश्रद्धा कशी वाईट ते हाच रवी शिकवायचा. वास्तू, मुहूर्त, दिशा यातलं काही त्या घरात कधी शिरलं नव्हतं.

"आपण नाय मानत, दाजी," योगेंद्र म्हणाला. "पण उद्या फ्लॅट काढलात तर गिऱ्हाईक मानतं ना. रिसेल बघायला लागतं."

मित्रांनो, घर विकायचा विचार कुणाच्याही मनात नव्हता. ते गिऱ्हाईक कोण, कुठलं, कधी येणार, काही ठाऊक नव्हतं. पण एकतीस जणांच्या मतापेक्षा त्या न आलेल्या गिऱ्हाइकाचं मत मोठं ठरलं. रवीने मान खाली घालून हो म्हटलं. विहारात तो अजूनही अंधश्रद्धेवर बोलतो आणि छान बोलतो.

कामाला ईश्वर नावाचा म्हातारा मिस्त्री ठरला. त्याने माप घ्यायच्या आधी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. "खाना कौन बनाता है? किसके हिसाब से ऊंचाई रखूं?" सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. जाईबाई उठली, भिंतीला हात लावत माझ्यापाशी आली आणि तिने दोन बोटं खाचेत घातली. मला वाटलं, आता सांगेल. तीनच शब्द सांगायचे होते, मला दिसत नाही.

ती म्हणाली, "आहे एवढाच ठेवा."

निशा जवळ आली. तिचा आवाज अगदी हळू होता. "आई, माझी कंबर मोडते हो," ती म्हणाली.

ते खरं होतं. जाईबाईला रात्रीच्या मलमाचा वास येत होता, नऊ वर्षं येत होता. लोकांच्या मतांना तिच्याकडे उत्तर होतं, पण सुनेच्या कमरेला नव्हतं. तिने माझ्यावरून हात काढला आणि चौतीस करा म्हणाली. आईंना एक स्टूल देऊ की, असं योगेंद्रने सुचवलं आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

मला फोडायला अर्धा दिवस लागला. माझे तीन तुकडे झाले. दोन तुकडे गोणीत भरून कुठे नेले कोण जाणे. खाचेचा तुकडा रवीने बाबांची आठवण म्हणून बाजूला ठेवायला सांगितला. तो मी. मला स्वयंपाकघराच्या चिमुकल्या गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी भिंतीला टेकवून उभा केला. तिथून आतलं सगळं दिसायचं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

नवं स्वयंपाकघर डोळे दिपतील असं झालं. पांढरा ओटा, पांढरं बेसिन, पांढऱ्या लाद्या. बुद्धवंदना झाली, खीर वाटली, ग्रुपवर फोटो टाकले आणि एकतीस जणांनी अंगठे दाखवले. निशा सरळ उभी राहून पोळ्या करायला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने मलमाची बाटली फेकून दिली. तिचं भलं झालं, त्यात शंका नाही.

जाईबाईला मात्र तिथे काही सापडत नव्हतं. पांढऱ्यावर पांढरं मीठ कुठे सांडलं ते तिला कळेना. पिठाचा हात कुठे लागला ते कळेना. ओट्याची कड सगळीकडे सारखी गुळगुळीत होती, हात फिरवून मोजायला सुरुवात कुठून करायची? ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढायची आणि पायाने स्टुलाची कड चाचपत उभी राहायची. घरात दुसरं कुणी असलं की ती आतच जायची नाही. नव्या घरात आईंचं मन लागत नाही, असं निशा आल्या-गेल्याला सांगायची.

नवव्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर ती चहा करायला आत आली. स्टुलावर चढली. शेगडीच्या उजव्या बर्नरवर पातेलं ठेवलं आणि तोल सावरायला डावा हात पुढे टेकला, जिथे सत्तावीस वर्षं बेसिनची कड होती. तिथे आता शेगडीचा दुसरा बर्नर होता. उजवं समजून तिने बटण फिरवलं ते डाव्याचं निघालं. नवी शेगडी आपोआप पेटते, काडी लागत नाही. जाळ तिच्या तळहाताखाली लागला.

ती ओरडली नाही. हात झटकताना स्टूल सरकलं आणि ती खाली पडली. पडल्यापडल्या तिने बटण शोधायचा प्रयत्न केला आणि तिला ते सापडलं नाही. शेवटी ती रांगत दारापर्यंत गेली. जिन्यात मंदा मासळी घेऊन बसली होती. मंदाने आत येऊन गॅस बंद केला, हातावर पाणी सोडलं आणि रवीला फोन लावला. तुला सांगितलं होतं, असं ती एका शब्दाने म्हणाली नाही. मी गॅलरीत भिंतीला टेकून हे सगळं पाहत होतो.

दवाखान्यात हाताला पट्टी करणाऱ्या डॉक्टरच्याच लक्षात आलं की बाईंना दिसत नाही. मग तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू, फार जुना. आता गेलेली नजर परत येणार नाही, उरली आहे ती मुठीएवढी जागा तेवढी टिकवायला थेंब घालायचे. आणि रवीने विचारल्यावर डॉक्टरने सांगितलं की पाच-सहा वर्षं आधी आल्या असत्या तर बरीच वाचली असती.

रवीने हे घरी येऊन निशाला सांगितलं, तेव्हा ते मीही ऐकलं. पाच-सहा वर्षं. मी तिला वीत आणि बोटं मोजून देत होतो, तेव्हाची ती वर्षं. मी एवढा कामाचा ठरलो नसतो, तर एखाद्या दिवशी तिचा हात चुकला असता, भाजी करपली असती, आरडाओरडा झाला असता आणि कुणीतरी तिला ओढून डॉक्टरकडे नेलं असतं. मी तिला सांभाळलं नाही, मित्रांनो. मी तिला लपवलं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आईने किचनमध्ये यायचं नाही, असं रवीने रडत सांगितलं. एकतीस जणांनी ते योग्यच म्हटलं. जाईबाईला सोफ्याच्या कोपऱ्यात बसवलं, पाठीशी उशी दिली आणि हातात ताट दिलं.

दोन महिने ती तशीच बसली. मग एका दुपारी तिने निशाला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझा दगड आणून दे गं. इथं जमिनीवर ठेवीन. बसून भाकरी थापून देते, तू भाज."

निशाला आनंद झाला. तिला भाकरी कधी जमली नव्हती, आणि जाईबाईचं ते गप्प बसणं तिला खुपत होतं. मला गॅलरीत ते ऐकू आलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणाची तरी वाट पाहिली. खाचेपासून डावीकडे पाण्याची वाटी, उजवीकडे पीठ, समोर ती. पुन्हा सगळं जमणार होतं. या खेपेला लपवायलाही काही नव्हतं.

निशाने रवीला सांगितलं, आईंना तो दगड हवाय. रवीने ठरवलं की आईसाठी करायचं तर नीट करायचं. त्याने माझा फोटो ग्रुपवर टाकला. कच्चा ठेवावा की पॉलिश करावा? पॉलिश, म्हणाले सगळे. निशानेही पॉलिशच म्हटलं, गुळगुळीत दगडावर भाकरी छान थापली जाईल असं तिला वाटलं. कुणीतरी म्हणालं, जमिनीवर बसून म्हातारीचे गुडघे दुखतील, पाय लावा. योगेंद्रच्या ओळखीचं एक वर्कशॉप होतं. तिथे त्यांनी माझे कोपरे गोल केले, काळी पूड आणि डिंकासारखं काहीतरी कालवून खाच भरली, घासली आणि वरून काचेसारखा थर चढवला. दुखलं का म्हणून विचारू नका. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, माझ्यावर तर त्यांनी पाणीच टिकणार नाही असा लेप दिला होता.

रविवारी संध्याकाळी मला सोफ्यासमोर ठेवलं. योगेंद्रही आला होता. रवीने आईचा हात धरून माझ्यावर ठेवला, भाजलेला, नव्या कातडीचा डावा हात. तिची बोटं माझ्या कडेवरून निघाली. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. कुठे काही लागलं नाही. ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली, या वेळी अगदी सावकाश. खोलीत सगळे हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत होते.

"खाच कुठाय रे?" तिने विचारलं.

"भरून काढली, आई," रवी म्हणाला. "लहानपणी मीच फोडला होता ना. आता कळतपण नाही बघ कुठे होती ती."

मग त्याने तिला सांगितलं की यावर पीठबीठ मळायचं नाही, चरे पडतील. चहा ठेव, पेपर ठेव. पेपर म्हटल्यावर तो मध्येच थांबला, पण योगेंद्रने फोटो काढायला सगळ्यांना जवळ बोलावलं आणि ते तसंच राहून गेलं. निशाला काहीतरी उमगलं असावं, कारण ती फोटोत हसली नाही.

जाईबाईने माझ्यावरून हात उचलून मांडीवर घेतला. ज्या बाईने लोकांसाठी एक इंच वाढवला नव्हता, ती त्या सगळ्यांच्या दिशेने बघत म्हणाली, "छान झालंय."

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी मी तुम्हाला बोध सांगावा अशी तुमची अपेक्षा असेल. जाईबाईने कुणाचं ऐकलं नाही म्हणून तिला तिच्या मापाचा ओटा मिळाला, आणि कुणाचं ऐकलं नाही म्हणूनच तिचे डोळे गेले. रवीने सगळ्यांचं ऐकलं आणि आईचं तेवढं राहिलं. यातून कुणाचं ऐकावं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला मतं द्यायची हौस उरली नाही. घर कराल तेव्हा ज्याचा हात तिथे रोज पडणार आहे त्याचा कोपर आधी मोजा, आणि तो गप्प असला तर तो का गप्प आहे ते विचारा.

आणि एक मागणं. रोज चार वाजता निशा तिला चहाचा कप देते. जाईबाई दुसऱ्या हाताने माझी कड शोधते, पण माझ्या गोल, गुळगुळीत कडेवर तिला अंतर लागत नाही. पहिल्या आठवड्यात तीन कप फुटले. आता ती कप माझ्यावर ठेवतच नाही, मांडीवर धरून बसते, आणि कुणी घ्यायला येईपर्यंत चहा निवून जातो. तुम्ही कधी या घरात पाहुणे म्हणून आलात, तर माझं कौतुक करू नका. तिचा हात धरा आणि कप कुठे ठेवायचा ते दाखवा. पूर्वी ते मी करत होतो.